माझ्या ओटीतली बदकं

माझ्यामागून सात बदकं चालतात. भिवंडीतल्या टेमघरच्या गल्लीत मी नळावर गेले तरी सात, किराणावाल्याकडे गेले तरी सात. रिक्षावाले आधी हॉर्न मारायचे, आता गुपचूप थांबतात. एकानं "मौसी, इनका परमिट है क्या" असं विचारलं होतं, त्याला मी असं झापलं की तो अजून आमच्या गल्लीत भाडं आणत नाही. लोक हसतात, हसू देत. ही बदकं मी माझ्या पोटाशी, साडीच्या ओटीत उबवून काढलीत. सहा दिवस लागले आणि त्या सहा दिवसांत अख्ख्या टेमघरनं मला गरोदर ठरवलं. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी.

मी जानकी. तोंडाची फटकळ आहे, ते आधीच सांगून टाकते. आमचं घर दुमजली. खाली मी आणि माझा नवरा केसरीनाथ. नाव घेते मी त्याचं, उखाण्याशिवाय. वर माझी थोरली जाऊ राहीबाई आणि तिचं कुटुंब. मागच्या जागेत लूमचा कारखाना, तो मोहिउद्दीनला भाड्यानं दिलाय. त्याची बायको कुबरा माझी पंचवीस वर्षांची मैत्रीण. लूमच्या खडखडाटात बोलून बोलून आम्हा दोघींना कानात सांगायची गोष्टही ओरडून सांगायची सवय लागलीय.

हे सगळं सुरू झालं दिपालीच्या बाळंतपणावरून. दिपाली माझी मुलगी, अंजूरला दिलीय. २००६ साल होतं, तिला सातवा लागणार होता, आणि पहिलं बाळंतपण म्हणजे ती माहेरी येणार हे ठरलेलं. प्रश्न एवढाच होता की माहेर म्हणजे खाली की वर.

तुम्हाला वाटेल हा काय प्रश्न झाला, आई खाली राहते तर पोर खालीच येणार. तर तसं नव्हतं. दिपालीच्या आधी मला एक मुलगा झाला होता. नऊ दिवसांचा होऊन गेला. मग दिपाली झाली तेव्हा माझी सासू बोलली, "हिच्या हाताला गुण न्हाय. हिनं लावलेलं झाड जगत न्हाय, पोर काय जगंल." आणि बाराव्या दिवशी, बारशालाच, तिनं पोर उचलून राहीबाईच्या मांडीवर ठेवली. दूध पाजायला तेवढं मला वर बोलवायचे. न्हाऊ-माखू, काजळ, झोका, सगळं वर. वरची पोरं राहीबाईला आई म्हणायची आणि मला काकी, म्हणून माझी दिपालीही तिला आई म्हणायला लागली आणि मला काकी. तेव्हा बावीस वर्षं झाली होती, मी काकीच होते.

होळीच्या सुमारास राहीबाईनं जाहीर केलं की दिपालीची खाट वरच टाकायची. तेव्हा मी जिना चढून वर गेले. म्हटलं, "जाऊबाई, या वेळी पोरगी माझ्याकडं राहील."

राहीबाई वाल सोलत बसली होती. मान वर न करता बोलली, "तू आधी एक कोंबडीचं पिल्लू जगवून दाखव. मग पोरीचं बोल."

दुसरी कुणी असती तर रडत खाली आली असती. मी बोलले, "कोंबडीचं कशाला, बदकं काढून दाखवते." हे माझ्या तोंडात कुठून आलं देव जाणे. बदक मी खाडीवर लांबून बघितलं होतं तेवढंच.

पण बोलले ते बोलले. कुबराची बहीण खाडीकाठी राहते, तिच्याकडे बदकं होती. एप्रिलच्या शेवटी कुबरानं तांदळाच्या डब्यात घालून नऊ अंडी आणून दिली. माझ्याकडे पडघ्याच्या बाजारातून आणलेली एक काळी कोंबडी होती, ती नेमकी खुडूक झालेली, म्हणजे अंड्यांवर बसायला आलेली. टोपलीत कारखान्यातलं वाया गेलेलं सूत घातलं, वर अंडी ठेवली, त्यावर कोंबडी बसवली आणि भिंतीवर रोज एक रेघ ओढायला लागले. एकवीस दिवस. कोंबडी एकविसाव्या दिवशी पिल्लं काढते हे कोण मला शिकवणार, मी तर कोंबड्यांच्यातच वाढले.

एकविसावा दिवस आला आणि गेला. अंडी जशीच्या तशी. राहीबाई जिन्यातून वाकून विचारायची, "काय गं, पोहायला लागली का?" बाविसावा दिवस रविवार होता. सकाळी तिनं पुन्हा तेच विचारलं आणि माझं डोकंच फिरलं. कोंबडी उचलली, केसरीनाथच्या हातात दिली आणि बोलले, "कापा." रविवारी कोंबडी काप म्हटल्यावर तो माणूस का म्हणून विचारत नाही. अंड्यांसकट टोपली मी अंगणात नेऊन आदळली.

दुपारी आम्ही जेवायला बसलो तेव्हा कुबरा मागच्या दारानं आली. टोपलीच्या जागेकडे बघून बोलली, "कोंबडी कुठाय?"

"वास येत नाही का तुला?"

"आणि अंडी?"

"फेकली. एकवीस दिवस होऊन गेले."

कुबरानं कपाळावर हात मारला. "अगो येडे, एकवीस कोंबडीला. बदकाला अठ्ठावीस लागतात."

"मग आधी सांगितलं का नाहीस?"

"तुला कोण सांगणार? तू कधी कोणाचं ऐकतेस?"

माझ्या तोंडात तेव्हा त्या कोंबडीची तंगडी होती. म्हणजे पिल्लांच्या आईला मी रस्सा करून खात होते आणि पिल्लं बाहेर अंगणात पडली होती. हात न धुताच उठले. पण मे महिन्याच्या उन्हानं माझी लाज राखली. अंडी कोमट होती, आणि सुतावर आदळल्यामुळे एकही फुटलं नव्हतं. कुबरानं अंधाऱ्या खोलीत नेऊन एकेक अंडं बॅटरीवर धरलं. दोन नुसती पाण्यासारखी. सातांत मात्र काळं काहीतरी भरलेलं होतं आणि ते हललं. मी बघितलं, स्वतःच्या डोळ्यांनी, हललं. मला एकदम हसायला यायला लागलं, थांबेचना.

आता यांना ऊब कुठून द्यायची? आधी खोक्यात बल्ब लावला. तासाभरात लाइट गेली. भिवंडीत त्या साली लोडशेडिंग एवढं होतं की लाइट आली की लोक एकमेकांना सांगायचे. गल्लीभर फिरून दुसरी खुडूक कोंबडी विचारली, कुणाकडे नव्हती. शेवटी कुबरानं माझ्या पोटाला हात लावून बघितला. बोलली, "तू कायम तापलेलीच असतेस. इथंच बांध."

माझ्या सासूचं एक जुनं लुगडं होतं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. ते मी टर्रकन फाडलं. त्या फाडण्याचा मला वेगळाच आनंद झाला, खोटं का बोलू. त्याची झोळी करून सात अंडी पोटाशी बांधली, वरून साडीची ओटी खोचली. दिवसातून तीनदा आतल्या आत अंडी फिरवायची. झोपायचं भिंतीला टेकून, बसल्या बसल्या. केसरीनाथनं विचारलं, "मी कुठं झोपू?" मी बोलले, "कुठंही झोपा, पण घोरू नका, पोरं दचकतील." तो बिचारा ओट्यावर जाऊन झोपला.

राहीबाईला यातलं काही कळू द्यायचं नाही असं मी ठरवलं होतं. पुन्हा फुकट गेलं तर तिचं जिन्यातून वाकून बघणं मला सोसवलं नसतं. पण त्याच शनिवारी राहीबाईच्या मुलाची, कुणालची, हळद होती. घरात लग्न आणि काकी कोपऱ्यात बसून, हे कसं चालेल? मंगळवारी मांडवात बायका तांदूळ निवडायला बसल्या, मीही बसले. एक हात सुपात, एक हात पोटावर. शेजारी गल्लीतल्या तुळशीरामची आई होती. ती माझ्या ओटीकडे बघत राहिली आणि हळूच बोलली, "जानके, हाय काय गं?"

मला वाटलं कुबरानं ओरडून ओरडून सगळ्या गल्लीला अंड्यांचं सांगितलंय. म्हटलं लपवून काय करायचं. "हो," मी बोलले, "पण वर बोलू नका."

"किती झाले?"

"सात. दोन फुकट गेले."

तिचा हात सुपातच थांबला. "अगं बाई. आणि कळलं नाही कुणाला. दाखवलंस का कुठं?"

"कुबरानं बॅटरी लावून बघितलं. हलतात."

"आता काळजी घे. अजून दोन महिने काढायचेत."

"दोन महिने कशाला? शनिवारी होतील. फार तर रविवारी."

तुळशीरामची आई सूप टाकून उठली ती थेट घरी गेली. मला वाटलं तिला लघवीला लागलं असेल.

बुधवारी सकाळपासून माझी चंगळ सुरू झाली. कुणी कैरीच्या फोडी आणून देतंय, कुणी बसायला पाट सरकवतंय. हंडा उचलायला वाकले तर तिघी धावल्या. मला वाटलं, लग्नघरात धाकट्या जावेचा मान आता कुठं यांना कळतोय. कैऱ्या खाल्ल्या मी मीठ लावून, अगदी मजेत. केसरीनाथ नाक्यावरून आला की गालातल्या गालात हसायचा. त्याच्या मित्रांनी त्याला चहा पाजला, पाठीवर थाप मारली. मिशीला पीळ देत फिरत होता.

शुक्रवारी राहीबाई तरातरा जिना उतरून आली. "लेक पोटुशी हाय आणि तू? लाज न्हाय वाटत? जावयाच्या घरच्यांना काय तोंड दाखवायचं?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. खरं सांगायला तोंड उघडलं होतं, पण तिनं 'लाज' म्हटलं ना, तिथं माझं बिनसलं. म्हटलं, "माझी ओटी, माझी लाज. तुमचं काय गेलं?" ती गेल्यावर मी नवऱ्याला धरलं. "तुम्हाला माहीत होतं ना अंडी आहेत? मग लोकांना सांगितलं का नाहीत?"

केसरीनाथ खाली बघत बोलला, "बरं वाटत होतं."

मग मी इतकी हसले की कुबरा भिंतीपलीकडून ओरडली, "हळू, फुटतील."

त्याच संध्याकाळी दिपाली अंजूरहून आली, बाळंतपणापर्यंत राहायलाच. तिची निळी बॅग राहीबाईनं रिक्षातून स्वतः उतरवली आणि वर नेली. मी दारात उभी राहून ती बॅग जिन्यावरून वर जाताना बघितली. दिपाली माझ्याजवळ आली, लाजून लाल झालेली. "काकी, खरं का गं?" मी बोलले, "उद्या कळेल." दुसरं काय सांगणार होते?

शनिवारी हळद. आमच्यात हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी. मांडवात बँजो लावलेला, पोरंसोरं, म्हातारेकोतारे सगळे नाचतायत, कुणाल पाटावर नखशिखान्त पिवळा. सगळ्या मला ओढतायत नाचायला आणि लगेच दुसऱ्या दोघी त्यांना मागं ओढतायत, अगं तिला नको, तिला नको. मी पाटाजवळ बसून होते. सकाळपासून ओटीत बारीक टकटक चालली होती, आणि ती माझ्या पोटाला कळत होती. मला गुदगुल्या होत होत्या आणि भीतीनं घामही फुटला होता.

तेवढ्यात लाइट गेली. बँजो बंद, स्पीकर बंद, जनरेटरवाला जेवायला गेलेला. मांडवात एकदम शांत झालं आणि त्या शांततेत माझ्या पोटातून आवाज आला. पीप. पीप पीप.

तुळशीरामची आई किंचाळली, "पोर रडलं. पोटात रडलं." कुणी रिक्षा बोलवा म्हणतंय, कुणी पाणी तापवा. एक पोरगा खरंच रिक्षा घेऊन मांडवात घुसला. राहीबाईच्या हातातून हळदीची वाटी पडली. मी कुणालच्या पाटाशेजारी मांडी घातली आणि सगळ्यांसमोर ओटी सोडली. एक अंडं अर्धं उघडलेलं होतं. त्यातून ओली मान बाहेर आली, मग चोच, मग तो सगळाच गडी माझ्या मांडीवर उताणा पडला. कुबरा टाळ्या वाजवत सुटली. मांडवभर सगळे जे हसायला लागले ते लाइट आली तरी हसतच होते. केसरीनाथला कुणीतरी उचलून घेतलं. पिल्लू तासाभरात वाळलं आणि पिवळंधमक झालं, तेव्हा म्हाताऱ्या बोलल्या, यालाही हळद लागली. रविवारी लग्नाला निघेपर्यंत साती बाहेर होती. मी लग्नाला टोपली घेऊन गेले.

पण राहीबाई ती राहीबाईच. लग्नावरून आल्यावर बोलली, "बाहेर येणं सोपं. नऊ दिवस जगतात का बघ."

नऊ म्हणायची गरज नव्हती तिला. मी टोपली उचलून आत गेले.

नऊ दिवस मी दुसरं काही केलं नाही. कण्या भिजवायच्या, पालक बारीक चिरायचा, घमेल्यात चार बोटं पाणी भरायचं. कुबरानं सांगून ठेवलं होतं, जास्त वेळ पोहू देऊ नकोस, आईविना वाढलेल्यांच्या पिसांना तेल नसतं, गारठतात. म्हणून पोहून झालं की एकेकाला पदरानं पुसायचं. मी दिसले नाही की साती मिळून गल्ली डोक्यावर घ्यायची. मी मोरीत गेले तर दाराबाहेर रांगेत. मी भाकऱ्या थापल्या तर माझ्या पायांवर झोपलेली. घरातल्या घरात मी उगाच चार चकरा मारायचे, ती मागून येतात का बघायला, आणि ती यायची. एवढी मजा मी जन्मात केली नव्हती.

नवव्या दिवशी दुपारी मी कपडे वाळत घालत होते. वळून बघते तर सर्वांत बारकं पिल्लू उन्हात पडलेलं, मान लांब, पाय मागं ताणलेले. मी बादली टाकली. काय ओरडले मला आठवत नाही, पण मोहिउद्दीननं कारखान्यातले लूम बंद केले एवढं खरं. मी खाली बसून पिल्लू ओंजळीत घेतलं. त्यानं डोळा उघडला, माझ्याकडे बघितलं आणि जांभई दिली. झोपलं होतं मेलं. मी त्याला छातीशी धरून रडायला लागले, आणि रडता रडता त्याला शिव्या देत होते.

दिपाली जिन्यात उभी होती. सगळं बघत होती. पोट सांभाळत खाली आली आणि माझ्याजवळ पायरीवर बसली.

"काकी, माझ्या आधीचा नऊ दिवसांचाच होता ना?"

मी मान हलवली.

"यांच्यासाठी तू अख्ख्या गावाला अंगावर घेतलंस," ती बोलली. "माझ्यासाठी का नाही भांडलीस?"

मी पिल्लाला उगाच पदरानं पुसत बसले.

"मला वाटायचं, तूच दिलंस मला वर. नको होते म्हणून."

नको होतीस? तुझा झोका वरून करकरायचा आणि मी खाली छताकडे बघत बसायचे, तवा जळून जायचा. हे तिला कुणी सांगितलं असणार? मीच सांगायला हवं होतं. सासूला मी भ्यायले होते. आणि खरं सांगते, सासूपेक्षा जास्त मी माझ्या हातांना भ्यायले होते. मलाही वाटलं होतं की माझ्याकडे राहिली तर पोर जाईल. म्हणून गप्प बसले. एवढ्या तोंडाची बाई, जिथं बोलायचं तिथं गप्प बसले. हे मी तिला सांगितलं, तुटक तुटक, नाक पुसत. ते बारकं पिल्लू तिच्या मांडीवर चढायला बघत होतं.

तिनं त्याला उचलून घेतलं. "बॅग वरच्या कपाटाशी आहे," ती बोलली. "मी आणणार नाही. तू आण."

मी उठले. तेरा पायऱ्या आहेत आमच्या जिन्याला. साती माझ्यामागून आली आणि पहिल्याच पायरीला अडली, आणि तिथं जो आरडाओरडा सुरू झाला तो ऐकून राहीबाई दारात आली.

"काय पाहिजे?"

"बॅग."

"कुणाची?"

"माझ्या पोरीची."

हे शब्द त्या जिन्यात मी पहिल्यांदाच बोलत होते. म्हटलं आता ही भांडणार, आणि मी कमरेला पदर खोचून तयारच होते. पण राहीबाई भांडली नाही. खाली पायरीशी बसलेल्या दिपालीकडे तिनं बराच वेळ बघितलं. मग आत जाऊन बॅग घेऊन आली. मी एक बंद धरला. दुसरा तिच्या हातात होता, तो ती सोडेना.

"तिच्या पायात गोळे येतात," ती बोलली. "दहा वर्षांची होती तेव्हापासून. रात्री झोपताना तेल कोमट करून लावायचं, डाव्या पायाला जास्त."

"मला माहीत नव्हतं," मी बोलले.

"म्हणून सांगते," राहीबाई बोलली, आणि तिनं बंद सोडला.